स्वतःचे भांडे, सर्वांचे पाणी : ग्रीष्म आणि मराठी ख्रिस्ती मंडळीचे आतिथ्य

१.

गुरुग्रामच्या सिव्हिल लाइन्स भागात १८६६ साली बांधलेले ‘चर्च ऑफ द एपिफनी’ हे उपासनामंदिर आहे. त्या काळी गुडगाव हा पंजाब प्रांतातील एक जिल्हा होता; शहराला ‘गुरुग्राम’ हे अधिकृत नाव २०१६ साली मिळाले. एपिफनी हा ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडून आलेल्या परक्या ज्ञानी पुरुषांना बाल येशूचे दर्शन घडले, या कथेशी तो निगडित आहे. इंग्रजी अंमलाच्या प्रशासकीय वसाहतीत उभ्या राहिलेल्या या वास्तूला परक्यांच्या स्वागताचा सण नाव म्हणून लाभावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मंडळीच्या दारात येणारा परका कोण, त्याचे स्वागत कोणत्या भाषेत व्हावे आणि त्याला कोणाच्या भांड्यातून पाणी द्यावे, हे प्रश्न त्या नावातच दडलेले आहेत.

‘मंडळी’ हा शब्द मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत उपासकांच्या समुदायासाठी रूढ झाला. घरची मंडळी, गावची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी असा त्याचा लौकिक वापरही आहेच, आणि त्यामुळे या धार्मिक शब्दाला पंक्तिभोजनाचा व आपपरभावाचा एक सूक्ष्म संदर्भ चिकटलेला आहे. मंडळीची श्रद्धा वाढते कशी, आणि तिचे आतिथ्य वाढते कसे, हे सामान्यतः दोन वेगळे प्रश्न मानले जातात. पहिला धर्मशास्त्राचा, दुसरा समाजशास्त्राचा. प्रस्तुत निबंधात हे दोन प्रश्न एकत्र घेऊन, उन्हाळ्यातील पाणी या एका प्रतिमेच्या आधारे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा व त्याच्या शेजारच्या परंपरांचा विचार केला आहे. भारतीय उपखंडात ग्रीष्म हा तहानेचा ऋतू असल्याने आतिथ्याची कसोटी त्या ऋतूत लागते. आणि तहानलेल्याला पाणी देणे ही सहज वाटणारी कृती जातिव्यवस्थेने सर्वाधिक अवघड करून ठेवलेली आहे.

२.

योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीचा प्रसंग या विचाराचा स्वाभाविक आरंभबिंदू ठरतो. प्रवासाने थकलेला येशू दुपारच्या वेळी याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागावे, याचे तिला नवल वाटते, कारण त्या दोन समाजांत व्यवहार नाही. पुढे ‘जिवंत पाणी’ या संकल्पनेवर संवाद होतो; परंतु त्या आध्यात्मिक पाण्याची चर्चा साध्या पाण्याच्या याचनेतून निघते, हा कथेतील क्रम महत्त्वाचा आहे. येथे अतिथी प्रथम मागणारा आहे. तो स्वतः दुसऱ्याच्या भांड्यातून पाणी प्यायला तयार होतो आणि तेथून धर्मसंवादाला प्रारंभ होतो. युरोपीय वाचकाला या प्रसंगातील वेळेचा उल्लेख तपशिलाचा वाटू शकेल. दख्खनच्या पठारावरील वाचकाला मात्र दुपार, विहीर आणि शिवाशिव या तिन्ही गोष्टींची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही.

ही ओळख मराठी परंपरेतही होती. महिपतीने नोंदविलेल्या एकनाथचरित्रातील दोन आख्यायिका सर्वश्रुत आहेत. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे नाथ, आणि गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या महाराच्या पोराला कडेवर घेऊन त्याच्या घरी पोहोचविणारे नाथ. दोन्ही कथांत ग्रीष्माचा दाह हा केवळ पार्श्वभूमीचा भाग नाही. विधीपेक्षा करुणा मोठी ठरण्याचा क्षण तो घडवून आणतो. देवासाठी राखलेले पाणी तहानेच्या स्वाधीन केले जाते आणि सोवळे ज्याच्यापासून राखायचे त्यालाच उचलून घेतले जाते.

महिपती ज्या ताहराबादचा, ते गाव राहुरी तालुक्यातले. म्हणजे पुढे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य जेथे रुजले त्याच अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातले. याच मिशनमध्ये काम केलेल्या जस्टिन अ‍ॅबट यांनी पुढे महिपतीच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली व त्यांतील ‘एकनाथ’ १९२७ साली प्रसिद्ध झाले. सुवार्ता सांगण्यासाठी आलेल्या परंपरेतील एका विद्वानाने उत्तरायुष्यात संतांची चरित्रे जगापुढे नेण्यासाठी श्रम वेचावेत, हे आतिथ्य उलट दिशेने कसे वाहू शकते याचे बोलके उदाहरण होय.

३.

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगर येथे ठाणे मांडले. १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. या कार्याचे एक ऋतुचक्र होते. हिवाळ्यात तंबू टाकून गावोगाव दौरे काढायचे, आणि उन्हाळ्यात अनेक मिशनरी कुटुंबांनी महाबळेश्वर, पाचगणी यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी जायचे. आजारपण व बालमृत्यू यांचे प्रमाण पाहता या प्रथेला केवळ ऐषाराम म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि तिचा एक परिणाम दृष्टीआड करता येत नाही. परदेशी मिशनरी डोंगरावर असताना मैदानातील मंडळीचा नित्यक्रम चालवायचे काम एतद्देशीय पाळक, शिक्षक आणि घरोघरी जाणाऱ्या बायबल-स्त्रिया यांच्याकडे राही.

शेतकरी समाजाच्या दृष्टीने मात्र हेच दिवस माणसे एकत्र येण्याचे. रब्बीची कापणी-मळणी उरकलेली, पेरणीला अवकाश. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, लग्ने आणि रात्रीची कीर्तने. ख्रिस्ती पंचांगातही पुनरुत्थानाचा सण आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्ट आपल्याकडे उन्हाळ्यातच पडतात. पेंटेकॉस्टच्या वृत्तान्तात नाना देशांतील माणसे प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकतात. प्रत्येकाला स्वभाषेत ऐकू येणे हीच तेथे आत्म्याच्या अवतरणाची खूण आहे.

या खुणेचा अर्थ नगरच्या मंडळीने कीर्तनाच्या रूपाने लावला. आरंभीच्या स्तोत्रांपैकी बरीच पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. त्या चाली शिकाव्या लागत, आणि न शिकलेला माणूस श्रोताच राही. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवि-कीर्तनकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी चाली व कीर्तनाचा ढंग ख्रिस्ती आशयासाठी योजला. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग, मधूनच सर्वांनी धरायचे ध्रुपद या रचनेत आलेला परका माणूस पहिल्याच रात्री गाऊ लागतो. चर्चच्या बाकावर बसायचे की नाही, याचा निर्णय त्याला आधी घ्यावा लागत नाही. उघड्या पटांगणावरील कीर्तनाला भिंत नसते, आणि उंबरठाही नसतो. वाङ्मयप्रकाराची निवड ही येथे आतिथ्याची कृती झाली.

या निवडीला जुना पूर्वाधार होता. १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले, तेव्हाही नवदीक्षितांना पुराणश्रवणाचा परिचित आनंद नव्या आशयासह मिळावा हा विचार त्यामागे होता. नगरच्या कीर्तनकारांनी त्यात सामूहिक गायनाची भर घातली.

४.

भाषा व वाङ्मयप्रकार यांना ‘भांडे’ म्हणण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर भारतातून विशेष प्रसृत झाली. तिचे श्रेय साधू सुंदरसिंगांना जाते. १८८९ साली पंजाबातील एका शीख कुटुंबात जन्मलेल्या सुंदरसिंगांनी १९०५ साली सिमल्यास बाप्तिस्मा घेतला आणि भगवी वस्त्रे धारण करून ते फिरू लागले. त्यांचेही एक ऋतुचक्र होते: उन्हाळ्यात खिंडी मोकळ्या झाल्या की तिबेटची वाट धरायची, हिवाळ्यात मैदानात यायचे. १९२९ सालच्या उन्हाळ्यात अशाच एका प्रवासाला निघालेले सुंदरसिंग परतले नाहीत.

त्यांच्या नावावर सांगितली जाणारी दृष्टान्तकथा अशी: आगगाडीने प्रवास करणारा एक उच्चवर्णीय ब्राह्मण उन्हाच्या तापाने एका स्थानकावर मूर्च्छित होऊन पडला. स्टेशनमास्तराने पेल्यातून पाणी आणले. जात मोडेल म्हणून त्याने ते नाकारले. मग तेच पाणी त्याच्या स्वतःच्या पितळी भांड्यातून दिले, तेव्हा तो प्यायला. हिंदुस्थानला जीवनाचे पाणी हवे आहे, पण ते हिंदुस्थानी भांड्यातून हवे आहे, असे तात्पर्य साधूंनी काढले. लू वाहणाऱ्या ज्या मैदानात गुडगावही मोडते, त्या मैदानाच्या अनुभवातून आलेला हा दृष्टान्त देशीकरणाच्या चर्चेत पुढे वारंवार उद्धृत झाला.

दृष्टान्ताचे सामर्थ्य वादातीत आहे. धर्म परदेशी वेष्टनात आला म्हणून नाकारला जातो, हे त्याने एका क्षणात दाखविले. तथापि कथेच्या अंतरंगात एक अडचण आहे. तो प्रवासी परक्या पेल्याला नाकारतो, ते पेला विलायती आहे एवढ्याच कारणाने नव्हे. दुसऱ्याच्या भांड्यातील पाणी त्याला विटाळते म्हणून. ‘स्वतःचे भांडे’ येथे एकाच वेळी संस्कृतीचे आणि शिवाशिवीचे चिन्ह आहे. दृष्टान्त पहिल्या अर्थाचा गौरव करतो आणि दुसऱ्या अर्थाला वाट करून देतो. तहान शमते, प्राण वाचतो. जात मात्र शाबूत राहते. शोमरोनी स्त्रीच्या विहिरीवर येशूने केले त्याच्या हे नेमके उलट आहे.

हा आक्षेप केवळ तार्किक नाही. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांमध्ये बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांना पाण्याचा प्रश्न रूपक म्हणून कधीच भेटला नाही. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडला २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले; त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला असूनही हे घडले. महाडच्या सत्याग्रहात कोणी स्वतःचे भांडे मागितले नव्हते. मागणी एकाच पाण्यावरील समान हक्काची होती. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात कशी टिकून राहते, याची कठोर चिकित्सा आंबेडकरांनी आपल्या लेखनात केली आहे. मंडळीच्या आतिथ्याचा इतिहास लिहिताना ही चिकित्सा परिशिष्टात ढकलता येणार नाही.

५.

देशी भांडे आणि समान पाणी या दोन मागण्या परस्परविरोधी ठरतात काय, या प्रश्नाचे सर्वांत समृद्ध उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सापडते. त्याचे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. ग्रंथाचा प्रारंभच पाण्याच्या अतिरेकाने होतो. १८५७च्या उठावानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात येईना. लक्ष्मीबाईंच्या बालपणातील पाणी असे निर्मळतेपेक्षा भयाशी जोडलेले आहे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांचा स्वयंपाक व पाणी वेगळे राहिले. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी एकटीनेच विचार केला आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. शास्त्रार्थ, वादविवाद किंवा साक्षात्कार यांपेक्षा घोटभर पाणी त्यांच्या श्रद्धाप्रवासात निर्णायक ठरले. येथे आतिथ्य हे श्रद्धेचे फळ म्हणून मागाहून येत नाही. दुसऱ्याचे आतिथ्य स्वीकारण्यातूनच श्रद्धेची वाट मोकळी होते.

सुंदरसिंगांच्या दृष्टान्तातील प्रवासी आणि ‘स्मृतिचित्रे’तील लक्ष्मीबाई यांना शेजारी ठेवले असता फरक स्पष्ट होतो. प्रवाशाचे भांडे टिकते, म्हणून तो पाणी पितो. लक्ष्मीबाई भांडे सोडतात, म्हणून त्यांना पाणी मिळते. आणि तरीही देशीपणाचा त्याग त्यांनी केला असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या गद्याइतके घरगुती, ओव्या-म्हणींच्या वळणाचे, चुलीपाशी घडलेले मराठी गद्य त्या काळात दुर्मीळ आहे. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्णत्वास नेले. भाषेचे भांडे पूर्णपणे स्वतःचे आणि पाण्याचे भांडे पूर्णपणे सर्वांचे, अशी ही विभागणी आहे. उत्तरेकडील दृष्टान्तात एकच भांडे दोन्ही कामे करीत होते. मराठी आत्मचरित्राने ती दोन कामे वेगळी केली. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने या ग्रंथाचे हे योगदान अद्याप पुरेसे अधोरेखित झालेले नाही.

टिळकांच्या घरी सतत येणारे-जाणारे पाहुणे, त्यांनी आश्रय दिलेली पोरकी मुले आणि त्यांच्यासाठी लक्ष्मीबाईंची होणारी ओढाताण यांचे वर्णन ग्रंथात विनोदाच्या अंगाने येते. तो विनोद महत्त्वाचा आहे, कारण आतिथ्याचा सिद्धान्त मांडणाऱ्या पुरुषामागे पीठ, पाणी आणि अंथरुणे पुरविणारी स्त्री उभी असते, याची जाणीव तो वाचकाला सतत देत राहतो.

६.

टिळकांचा स्वतःचा शेवटचा प्रयोग उंबरठ्याचाच होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तानुयायांचा हा बंधुसमाज असावा, ही त्यामागील कल्पना. मंडळीचे सभासदत्व बाप्तिस्म्याने ठरते, हा चर्चचा नियम. दरबारात मात्र येणाऱ्याने आधी काय सोडले आहे हे विचारले जाणार नव्हते.

या योजनेवरील प्रश्न गंभीर होते. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचा अनुयायी राहण्याची मुभा मिळाली, तर उच्चवर्णीय अनुयायी घरच्या जातीत सुखेनैव राहील, आणि बाप्तिस्म्याची किंमत मोजलेला दलित ख्रिस्ती पुन्हा वेगळ्या पंगतीत बसेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. दरबारालाही ‘स्वतःच्या भांड्या’ची अडचण होतीच. परंतु टिळकांनी स्वतः ती किंमत पूर्ण मोजली होती. दार उघडे ठेवण्याचा अधिकार त्यांनी त्या अनुभवातून मिळविला होता. ९ मे १९१९ रोजी, भर उन्हाळ्यात, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून स्थिरावू शकला नाही. त्यांची भजने मात्र मंडळ्यांच्या उपासनेत राहिली. संस्थेने जे साधले नाही ते गाण्याने साधले: आजही ती गाताना गाणाऱ्याचे पूर्वाश्रमीचे कुळ विचारले जात नाही.

टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली नगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. पुढे तो पुण्यास गेला व १९२७ साली व्हेरिअर एल्विन त्यात दाखल झाले. १९३० साली ई. स्टॅन्ली जोन्स यांनी कुमाऊंमध्ये सातताल येथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तो आरंभी उन्हाळ्याच्या महिन्यांतच भरत असे. निरनिराळ्या प्रांतांचे व देशांचे लोक तेथे एकत्र राहत. आठवड्यातून एक दिवस नोकरांना, भंग्यासह, सुट्टी देऊन त्यांची कामे आश्रमवासी स्वतः करीत. एकेकाळी ज्या डोंगरावर मिशनरी मंडळीपासून दूर जात, त्याच ऋतूत तशाच डोंगरावर मंडळीचा एक नमुना घडविण्याचा हा यत्न होता. त्यात समान पाण्याचा आग्रह स्पष्ट दिसतो. पण आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो झाडू कोणाच्या हाती होता, हा प्रश्नही तेथेच उभा राहतो.

७.

वरील विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. श्रद्धा दृढ झाल्यावर मंडळी स्वागतशील होते, हा क्रम उपदेशपर लेखनात गृहीत धरला जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने नोंदविलेला इतिहास अनेकदा याच्या उलट क्रमाची साक्ष देतो. पटांगणावरच्या कीर्तनात न ओळखणाऱ्यांनी धरलेले ध्रुपद आणि कोणाच्याही हातचे प्यायलेले पाणी यांतून श्रद्धेची वाढ झाली. देशीकरणाचा आग्रह योग्य होता, परंतु त्याच्या प्रतिमेत लपलेली शिवाशिव ओळखल्यावाचून तो आग्रह समतेचा वाहक होऊ शकत नाही.

गुरुग्रामसारख्या, जेथे बहुतेक जण अलीकडेच बाहेरून आलेले आहेत अशा शहरात आज कोणतीही मंडळी एकभाषिक राहू शकत नाही. तेथील मे-जूनच्या उन्हात दाराशी आलेला पाहुणा आणि दाराशी उभा असलेला राखणदार या दोघांनाही पाणी दिले जाईल, यात शंका नाही. इतिहास विचारतो ते इतकेच, की पेला एकच असेल की दोन. आणि आत चाललेल्या गाण्यातले एखादे कडवे त्या दोघांना पाठ असेल की नाही.